मदत हवी आहे: दोन आकडे जुळत नाहीत, संपादक अडून बसलेत (तातडीचं!)

खारीचा_वाटा:
मंडळी, लवकर सांगा. सात वर्षं मुक्त पत्रकारिता करतोय, तीही फक्त पर्यावरणावर, पण असा कधी अडकलो नव्हतो. लेखात एक आकडा आहे आणि सोबतच्या आलेखात दुसरा. संपादक म्हणतात, यातला खोटा कुठला ते सांगा. दोन्ही अधिकृत ठिकाणाहूनच घेतलेत. आज रात्री मजकूर गेला नाही तर लेख बाद. काय उत्तर देऊ?

कुंपणावरून:
कसले आकडे? कुठून घेतले? का आम्ही कौल लावायचा?

खारीचा_वाटा:
तापमानाचे हो. 2024 चे. जागतिक.

बिनखुर्ची:
लेख हवाय कोणाला? व्हिडिओ करा. मी कॉलरला लावायचा छोटा माइक घेतला, वाऱ्यासाठी त्यावर केसाळ टोपी. उघड्या माळावरही आवाज स्वच्छ येतो.

कुंपणावरून:
त्यांना रात्री मजकूर द्यायचाय, टोपी काय करायचीय? धागाकर्ते, आकडे टाका आकडे.

खारीचा_वाटा:
लेखात 1.6 अंश, आलेखात 0.72. निम्माही नाही!

पारा_चढला:
आलेखाखाली बारीक अक्षरांत 1991–2020 असं काही दिसतंय?

खारीचा_वाटा:
हो, आहे. त्याचं काय?

पारा_चढला:
सगळा घोळ तिथेच आहे. दोन्ही आकडे कोपर्निकसचे, म्हणजे युरोपच्या हवामान सेवेचे, आणि दोन्ही खरे. 1.6 म्हणजे 1850–1900 च्या सरासरीपेक्षा जास्त, 0.72 म्हणजे 1991–2020 च्या सरासरीपेक्षा. एकाच घराची उंची एकदा जमिनीपासून मोजली, एकदा जोत्यापासून. हे जोतंच 0.88 अंश उंच आहे, कारण 1991–2020 पर्यंत पृथ्वी तेवढी तापलेलीच होती. बेरीज करून बघा. आलेखावर बेसलाइन, म्हणजे कुठल्या काळाच्या सरासरीशी तुलना केलीय ते, ठळक लिहा आणि हे एक वाक्य लेखात घाला.

जुना_बातमीदार:
मी तर सांगेन, कोपर्निकस सोडाच. जागतिक हवामान संघटनेचा 1.55 घ्या. तापमानाच्या नोंदींचे सहा वेगवेगळे संच मिळून काढलाय, ± 0.13 अंशांच्या अनिश्चिततेसकट.

पारा_चढला:
म्हणजे आता तिसरा आकडा! संपादकांना झीट येईल.

जुना_बातमीदार:
येऊ दे. एकाच संचावर विसंबणं हा आळस झाला.

पारा_चढला:
1.6 त्या ± मध्येच बसतो, साहेब.

बोरू:
मथळा काय दिलाय?

खारीचा_वाटा:
'पॅरिस करार मोडला'. माझा नाही, संपादकांचा.

बोरू:
मग 0.72 चं काय घेऊन बसलात? खरी चूक मथळ्यात आहे. करारातली 1.5 अंशाची मर्यादा दीर्घकालीन सरासरीची, आयपीसीसी (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती) त्यासाठी वीस वर्षांची सरासरी धरते. एका वर्षावरून 'मोडला' लिहिलंत आणि पुढचं एखादं वर्ष जरा थंड गेलं, की वाचक विचारणार, करार परत जोडला का?

शब्दपिसाट:
अवांतर: मुळात वेदर आणि क्लायमेट दोन्हींना आपण 'हवामान' म्हणतो. उद्या पाऊस पडेल का तेही हवामान आणि तीस वर्षांची सरासरी तेही हवामान. वाचक गोंधळेल नाहीतर काय? मी 'वातावरण बदल' लिहितो.

बोरू:
वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीची हवा. एक घोळ काढून दुसरा घातलात.

शब्दपिसाट:
मग तुमच्याकडे आहे का शब्द?

कुंपणावरून:
वेगळा धागा काढा बुवा.

खारीचा_वाटा:
पारा, जोतं चाललं! 0.88 ची ओळ घालून पाठवलं. संपादक म्हणाले, आता कळलं. मथळा मात्र तोच ठेवतायत, 'लोक त्यावरच क्लिक करतात' म्हणे. खाली नाव माझं जाणार. लेख काढून घेऊन किल फी मागू का?

जुना_बातमीदार:
किल फी त्यांनी लेख नाकारला तर मिळते, तुम्ही काढून घेतलात तर कशी मिळेल? मथळ्याला तुमची संमती लागते का बघा. करारात काय लिहिलंय?

खारीचा_वाटा:
कसला करार? फोनवर ठरलं होतं सगळं.

बिनखुर्ची:
माइकची माहिती हवी असेल तर व्यनि करा.