रात्री दोन वाजता पाणी कुठं पडतंय?

आक्का (बी-४०४): काल रात्री दोनला डक्टमधून सूऽऽऽ असा आवाज येत होता. वरची टाकी भरून वाहत होती का? उठून गॅलरीत गेले तर खाली एक थेंब नाही, आणि आवाज चालूच.

सी-१०२: मलापण आला. मी तर आधी मोबाईलवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघितली. २०१९ च्या पुरापासून झोपेतपण हात तिकडंच जातो.

सचिव (ए-१०१): टाकीची मोटर रात्री दहालाच बंद केली होती. वॉचमनने खात्री केली आहे. कृपया घबराट पसरवू नये.

सी-१०२: घबराट कुठली? आयर्विनला ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. आपल्या डक्टला कितीला, तेवढं सांगा.

बंटी (बी-३०४): सॉरी. ते पाणी नव्हतं. माझा हेडफोन होता.

सचिव: ???

बंटी: नवीन घेतलाय. पहिले १०० तास नुसता वाजवत ठेवायचा असतो, बर्न-इन म्हणतात त्याला, मग आवाज खुलतो. त्यासाठी पिंक नॉइज लावतात, ते धबधब्यासारखंच वाजतं. खोलीत आजी झोपते म्हणून बाथरूमच्या खिडकीत ठेवला. पाऊस लागू नये म्हणून पातेल्यात.

आक्का: कसल्या पातेल्यात?

बंटी: स्टीलच्या.

आक्का: कुणाच्या?

साऊंडवाले दादा (सी-४०१): अरे पातेल्यात ठेवल्यावर घुमणारच की. फुकटचा हॉर्न तयार केलास तू. आणि हे १०० तासांचं कुणी सांगितलं?

बंटी: व्हिडिओत. सगळेच सांगतात. कोणी ४० म्हणतं, कोणी २००.

दादा: म्हणजे आकडा कुणालाच माहीत नाही. ऐक, माझा धंदाच हा आहे. नवा अठरा इंची वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, आणला की पहिल्या दिवशी मीपण जरा वाजवून घेतो. त्याच्या कोनामागं, म्हणजे हलणाऱ्या पडद्यामागं, स्पायडर असतो, कापडाची नागमोडी चकती. ती आधी कडक असते, वाजवली की सैल पडते. ते मोजलं तर दिसतंसुद्धा, पण काम काही मिनिटांचं. तुझ्या हेडफोनात स्पायडर नसतोच. ४० मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा, तोच कोन, तीच स्प्रिंग, आणि हलतो केसभर. त्यात सैल व्हायला आहे काय?

बंटी: पण लोकांना फरक जाणवतो दादा.

दादा: जाणवतो, खोटं नाही. पण सरावतो तो कान. लोकांनी नवा हेडफोन आणि तोच भरपूर वाजवलेला हेडफोन यंत्रावर लावून बघितलाय. फरक निघाला तर इतका बारीक, की काढून परत घालताना अर्धा सेंटिमीटर इकडंतिकडं बसला तर त्याहून जास्त पडतो. बदलतं ते गादीचं. कानाभोवतीची उशी आठवड्या-दोन आठवड्यांत दबते, कानाला नीट चिकटते, मग खालचा आवाज भरून येतो. त्यासाठी हेडफोन डोक्यावर पाहिजे, पातेल्यात नाही.

ताई (ए-३०२): माझं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी. म्हणून दोन शब्द. हे 'वाजवून खुलतं' आम्हीपण लहानपणापासून ऐकलंय. पण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, वाजवून खुलत नाही, उलटी बसते. तार जिच्यावर टेकते त्या घोडीवर खाच पडते, नाद मुका होतो. मग कारागीर घोडी परत कानशीनं घासतो, तारेखाली सुताचा दोरा पुढंमागं सरकवतो, आणि एका जागी आल्यावर तार एकदम बोलते. ते हात फिरवणाऱ्याचं काम आहे, रात्रभर एकटं वाजत ठेवायचं नाही. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते या हातांसाठी.

सी-१०२: ताई, म्हणजे बंटीच्या हेडफोनची जवारी काढायला मिरजेला न्यायचा का?

ताई: पातेलं तेवढं न्या, कल्हई करून देतील 😄

आक्का: माझं पातेलं कल्हईचं नाही. आणि ते माझंच आहे, हे आता कळलं. मंगळवारी बंटीची आई रबडीसाठी घेऊन गेली होती.

दादा: बंटी, हेडफोन कधी आला?

बंटी: मागच्या गुरुवारी.

दादा: आज बुधवार. बदलून द्यायची मुदत किती दिवसांची?

बंटी: सात. आज रात्री १२ ला संपते बहुतेक.

दादा: आणि तू किती तास ऐकलायस?

बंटी: अजून ऐकलाच नाही. ६१ तास झालेत. १०० नंतर ऐकायचं ठरवलं होतं.

दादा: 🤦 अरे बाबा, सात दिवस म्हणजे १६८ तास. त्यातले १०० खिडकीत घालवल्यावर तपासणार कधी? मी माझं सांगतो. मागच्या वर्षी कानात घालायचा एक सेट मागवला. डावीकडून आवाज थोडा दबका. विकणाऱ्याला मेसेज केला, तर उत्तर आलं, "थोडे दिवस वापरा सर, सेट होईल." मी वापरला. मुदत गेली, आणि तो सेट झाला तो कायमचाच. या १०० तासांचा फायदा झालाच तर विकणाऱ्याचा होतो, हे लक्षात ठेव. आत्ता जा, डोक्याला लाव आणि तबल्याचं काहीतरी ऐक.

सचिव: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. असो. ऐकून कळवणे.

बी-२०१: पार्किंगमध्ये माझ्या गाडीमागे कोणीतरी स्कूटी लावली आहे, काढा प्लीज.

बी-२०१: काढली. धन्यवाद.

बंटी: दादा 😟 बायाँ (डग्गा) घुमला की उजवीकडं फर्र होतंय.

दादा: प्रत्येक वेळी की मधूनमधून?

बंटी: जोरात वाजला की. चाटीवर नाही, फक्त बायाँवर.

दादा: डावीउजवी बाजू उलटी घालून बघ. फर्र बाजू बदलतंय का?

बंटी: हो, आता डाव्या कानात.

दादा: म्हणजे हेडफोनातच आहे. पडद्यावर केस पडलाय, नाही तर पडदा हलवणारी तारेची कॉइल घासतेय. शंभर काय, हजार तासांनी जाणार नाही. टाक रिटर्नला. आणि 'आवाज आवडला नाही' असं लिहू नको. 'उजव्या बाजूला खालच्या सुरांत खरखर' असं लिही.

बंटी: टाकला. ९.४० ला स्वीकारला.

सी-१०२: टाळ्या 👏👏 धोक्याच्या पातळीच्या आत.

बंटी: आता कुठला घेऊ? बजेट पाच-साडेपाच हजार.

दादा: काय ऐकतोस त्यावर आहे. बस-ट्रेनमध्ये ऐकणार असशील तर पूर्ण झाकलेला, नाही तर मागून उघडा. उघड्याचा आवाज मोकळा लागतो, खोलीत बसून गाणं ऐकायला झकास. पण तुला बाहेरचं सगळं ऐकू येतं आणि तुझं गाणं आजीला.

बंटी: मग झाकलेलाच.

दादा: मग डब्यावर 'एक्स्ट्रा बास' लिहिलेलं सोडून दे. ते मोठ्या अक्षरात असतं तिथं बायाँ ढोल होतो. स्टुडिओवाल्यांचे साधे मॉडेल असतात, ते बघ. ऑडिओ-टेक्निकाचा एम-२० एक्स घे, ४७ ओहम, म्हणजे विजेला अडथळा कमी, फोनवर आरामात वाजतो. त्याची वायर मात्र तीन मीटर आहे आणि निघत नाही, खिशात मावायची नाही, चालताना पायात येते. ब्लूटूथ नाही. पण घरात टेबलाशी बसायला या पैशात मी तोच सांगेन. आणि ओहम बघत जा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० एकाच नावानं ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. स्वस्तात सापडला म्हणून २५० वाला घेशील, फोनवर लावशील आणि म्हणशील बारीक वाजतंय, बर्न-इन करू या.

बी-१०३: ब्लूटूथवाल्याबद्दल सांगा ना. मुलीला क्लाससाठी हवाय.

दादा: क्लासला कुठलाही चालेल, माइक चांगला बघा. आवाज मात्र कमी ठेवायला लावा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे, मोठ्यांना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, मुलांना ७५ लाच ४०. आणि वर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८० चे ८३ केले की २० तास, ८६ ला १०. मी मंडपात रोज कापूस घालून उभा असतो, माझं ऐका.

बंटी: आणि माझ्या फोनला भोकच नाही.

दादा: टाइप-सी ते साडेतीन मिलिमीटरचा छोटा तुकडा मिळतो, आत डीएसी, म्हणजे डिजिटलचा आवाज करणारी चिप, असलेला घे. नुसत्या वायरचा स्वस्तातला काही फोनवर चालतच नाही.

अण्णा (सी-२०२): मी सकाळपासून वाचतोय. मुलीनं पुण्याहून मला हेडफोन पाठवलाय. महिना झाला. माझा बर्न-इन राहिलाच की. खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड लावली की आवाज डावीकडं झुकतो. नवाकोरा आहे म्हणून गप्प बसलो होतो, वाटलं वाजून वाजून मधे येईल.

ताई: अण्णा, अब्दुल करीम खाँसाहेब? वा. आमच्या गल्लीतून दर्ग्याचा उरूस आला की रात्र रात्र गाणी.

अण्णा: तेच. त्यांचा तार षड्ज लागला की आमच्याकडं सगळं थांबतं. बायकोनं दूध उतू घालवलंय त्यापायी. पण हेडफोनवर खसखस फार येते.

दादा: ती खसखस जुन्या तव्याची, म्हणजे तबकडीची आहे अण्णा, हेडफोनची नाही. १९२५ च्या आधी तर गायक कर्ण्यात तोंड घालून गायचे, मायक्रोफोन नंतर आले. त्या जुन्या ध्वनिमुद्रणात खाली काही नाही आणि वरही फारसं नाही, मधलंच गाणं. त्याला चकचकीत आवाजाचा हेडफोन लावला की गाण्याआधी खसखस पुढं येते. इक्वलायझरमध्ये वरच्या दोन पट्ट्या थोड्या खाली ओढा. पण झुकणं ही वेगळी गोष्ट आहे.

अण्णा: का?

दादा: जुनी तबकडी म्हणजे एकाच वाटेचा आवाज. डाव्या-उजव्याला अगदी तेच जातं, म्हणून गाणं बरोब्बर डोक्याच्या मध्यावर, कपाळामागं बसायला हवं. हेडफोन तपासायला याहून चांगलं काही नाही, नव्या गाण्यात कोण कुठं बसलंय ते आपल्याला माहीत नसतं. आता फोनच्या सेटिंगमध्ये डावीउजवीची पट्टी मधे आहे का बघा. मग बंटीनं केलं तेच करा. उलटा घाला, डावा उजव्या कानावर. झुकणं उजवीकडं गेलं तर हेडफोन खराब. डावीकडंच राहिलं तर...

अण्णा: तर?

दादा: आधी करून तर बघा.

सी-१०२: सस्पेन्स काय दादा. पट्टीवरचं पाणी बघितल्यासारखं झालंय.

आक्का: अण्णा, चष्मा काढून घाला. काडीमुळं उशी उघडी राहते म्हणे. माझ्या नातवाचं तसं होतं, एका बाजूनं बास गळतो.

अण्णा: पट्टी मधेच आहे. चष्मा काढला. उलटा घातला.

अण्णा: डावीकडंच.

अण्णा: परत सुलट घातला, परत उलटा. तीन वेळा केलं. डावीकडंच.

दादा: हेडफोन चांगला आहे अण्णा. उजवा कान दाखवायला हवा. मळ असेल, पुष्कळदा तेवढंच असतं. काडी, तेल काही घालू नका.

ताई: उद्या सकाळी मी शंभर फुटी रस्त्यावर जाणारच आहे, तिथं कानाचे डॉक्टर आहेत. साडेदहाला खाली या, गाडीतून जाऊ.

अण्णा: येतो. गेल्या वर्षीपासून सौ. म्हणते हाक ऐकत नाही, मी म्हणायचो तूच हळू बोलतेस.

आक्का: वहिनी या ग्रुपवर आहेत हो अण्णा.

अण्णा: 🙏

सचिव: डक्टमधील आवाजाचा विषय बंद करीत आहे. बी-३०४ यांनी खिडकीतील वस्तू त्वरित काढावी.

बंटी: काढली काका. हेडफोन पॅक केला, उद्या कुरिअरवाला येतोय.

आक्का: आणि पातेलं?

बंटी: आई विचारतेय, रबडी भरून पाठवू का रिकामं?