उन्हाळी रिसर्च प्रोग्रामला अर्ज केला होता? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

खजुरी_बाजार

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच माझ्या फोनवर दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात. ‘ताई, अकॅडमीचा फॉर्म कधी निघतो?’ ‘राइट-अपमध्ये काय लिहायचं?’ ‘आपल्या इथून कुणाचं होतं का?’ होतं की. माझं झालं, माझ्या पुढच्या-मागच्यांचं झालं. एकेकाला तेच ते सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांनी आपापलं एका जागी लिहावं म्हणून हा धागा. ज्यांचं झालं त्यांनी लिहाच, ज्यांचं नाही झालं त्यांनी तर नक्की लिहा. आईबाबा आणि सर-मॅडम मंडळींनाही आमंत्रण आहे.

सुरुवात मी करते. आपण ज्याला ‘अकॅडमीचं’ म्हणतो ती तीन विज्ञान अकादम्यांनी मिळून चालवलेली समर रिसर्च फेलोशिप: बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस (ही सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली काढलेली), दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडिया). निवड झाली की देशातल्या एखाद्या संस्थेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली दोन महिने काम करायचं, खर्चाला फेलोशिप मिळते. अर्ज मात्र हिवाळ्यात भरायचे, साधारण नोव्हेंबर संपेपर्यंत. म्हणजे आपल्याकडची मुलं इंटरनल आणि लग्नसराईत बुडालेली असतात नेमकी तेव्हा. मे महिन्यात ‘समरला कुठे अप्लाय करू’ विचारणाऱ्याला मी पुढच्या मे महिन्याची तयारी करायला सांगते. बाकीच्यांच्या तारखा याच्या पुढेमागे येतात: मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरची समर फेलोशिप, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्राम. प्रत्येकाची पात्रता वेगळी आहे. कुठे बी.एस्सी.ला घेतात, कुठे एम.एस्सी.चं पहिलं वर्ष लागतं, आणि टीआयएफआरमध्ये तर विषयागणिक नियम बदलतात. तेव्हा सूचनापत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

माझं मत विचाराल तर मार्क बघून कुणी हुरळू नये आणि घाबरूही नये. अर्ज करणाऱ्या सगळ्यांचेच मार्क बरे असतात. खरा फरक पडतो ‘मला काय करायचंय’ या छोट्या टिपणात आणि शिक्षकांच्या पत्रात. आणि आपली मुलं नेमक्या त्याच दोन गोष्टी शेवटच्या रात्री उरकतात.

पत्र_लिहिणारी_मॅडम

खजुरी बाजार, बरं झालं हे काढलंत. मी इथल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि दर हिवाळ्यात माझ्या टेबलापुढे रांग लागते. ‘मॅम, तुम्हाला लिंक आलीय, आजच शेवटची तारीख आहे.’ लिंक स्पॅममध्ये पडलेली असते, आणि पोरगं तिसऱ्या बाकावर बसतं यापलीकडे मला त्याच्याबद्दल काही ठाऊक नसतं. मग ‘सिन्सियर, हार्डवर्किंग, वेल-बिहेव्ड’ लिहावं लागतं. तसं पत्र वाचून निवड करणाऱ्याला काय डोंबल कळणार?

एका मुलीची गोष्ट सांगते. इथाइल असिटेट आणि कॉस्टिक सोड्याचं कायनेटिक्सचं (अभिक्रियेचा वेग मोजायचं) प्रॅक्टिकल बी.एस्सी.ला सगळेच करतात. एप्रिल महिना, लॅबला पत्र्याचं छत, आणि सकाळच्या बॅचचा रेट कॉन्स्टंट दुपारच्या बॅचशी काही केल्या जुळेना. बाकीचे एकमेकांची रीडिंग्ज उतरवून मोकळे झाले. ही थर्मामीटर मागायला आली. सकाळी द्रावण २७ अंशांवर, दुपारी ३७ वर, आणि दुपारचा वेग सकाळच्या पावणेदोन पटींहून जरासा जास्त. तिने ते दोन आकडे अऱ्हेनियसच्या (तापमान आणि वेग यांचं नातं सांगणाऱ्या) समीकरणात घातले तर ॲक्टिव्हेशन एनर्जी (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) मोलला ४६ किलोज्यूलच्या आसपास निघाली, म्हणजे पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी शेजारी. माझ्या मते इथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, ‘मॅम, दोन टिंबांतून रेघ कशीही जाते. मधलं तापमान पाहिजे.’ मग प्लास्टिकच्या बादलीत समोरच्या रसवाल्याकडचा बर्फ टाकून आमचा वॉटर बाथ तयार झाला!

आता हिच्या टिपणाचा पहिला खर्डा बघा: ‘मला लहानपणापासून विज्ञानाची ओढ आहे आणि देशासाठी काहीतरी करून दाखवायचं आहे.’ लग्नपत्रिकेवरच्या मजकुरासारखं, नावं बदला आणि कुणालाही छापून द्या. मी अख्खा परिच्छेद खोडला आणि म्हटलं, बादलीबद्दल लिही. दुसऱ्या खर्ड्याची सुरुवात अशी होती: ‘आमच्या लॅबमध्ये तापमान स्थिर ठेवायची सोय नाही. त्यामुळे अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा बदलतो हे मला आयतंच बघायला मिळालं.’ पुढे रीडिंग्ज, मग उरलेला प्रश्न, मग ज्यांच्याकडे जायचंय त्यांच्या कामाशी त्या प्रश्नाचं नातं. माझं पत्र लिहायला मला अर्धा तासही लागला नाही. तिचं झालं.

शिक्षकांसाठीही एक सांगते: अकॅडमीच्या फेलोशिपला शिक्षकांनाही अर्ज करता येतो. आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं की अजून लोक ‘हो का?’ म्हणतात.

कॅटरोड

फिजिक्सवाला. भिया, सगळे मुंबई-बंगळुरू करतात, पण आपल्या गावात काय आहे ते बघा तरी. राजा रामण्णा सेंटर (जुनं नाव सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी, म्हणून इंदूरात अजून सगळे कॅटच म्हणतात) म्हणजे देशातले दोन्ही सिंक्रोट्रॉन, इंडस-१ आणि इंडस-२. मोठ्यात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेतात आणि ते वळताना जो प्रकाश फेकतात त्यात पदार्थांची रचना तपासतात. खंडवा रोडला युनिव्हर्सिटीच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम ही संशोधन संस्था आहे, सिमरोलला आयआयटी. दोन्हीकडे पोहे खाऊन निघालात तर वेळेत पोचता.

मी ईमेल लिहिले होते. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड वर्क’ हा मजकूर पन्नास जणांना एकदम पाठवणारे मित्र आहेत माझे, उत्तर आलेलं मी तरी ऐकलं नाही. मी त्या माणसाचा एक पेपर घेऊन बसलो. निम्मा कळला नाही. पण त्यातल्या एका आलेखात एक पीक (शिखरासारखं टोक) तापमान वाढवल्यावर दोनात फुटत होतं, ते का, एवढंच विचारलं, आणि खाली दोन ओळींत मी कोण, काय येतं, कधी मोकळा आहे. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. एकाचं आलं: ‘बुधवारी आयडी घेऊन या.’

पुढचा उन्हाळा खलबत्त्यात गेला म्हणा. अगेटचा खल, त्यात दोन ऑक्साइडांची पावडर, आणि तासन् तास घोटायचं. मग गोळी दाबायची, भट्टीत घालायची, काढून परत घोटायची, आणि मगच एक्स-रे डिफ्रॅक्शन (एक्स-रे टाकून पदार्थाची रचना तपासणं). मनगट दुखायचं. आजी म्हणाली, एवढं वाटायचंच होतं तर घरी चटणी वाटली असतीस. पण स्वतः केलेल्या पावडरचा पॅटर्न स्क्रीनवर उमटला आणि त्यात नको असलेलं एक बारकं पीक दिसलं, तेव्हा ते कशाचं हे शोधण्यात जो आठवडा गेला तो मी अर्जात अजून लिहितो.

एक सावधगिरी. सरकारी संस्थेत गेट पास, कॉलेजचं बोनाफाइड, कधीकधी पोलीस पडताळणीही लागते. ‘उद्या येतो’ असं होत नाही.

रामबागची_आई

माझी मुलगी दोन उन्हाळ्यांपूर्वी बंगळुरूला गेली. पत्र आलं तेव्हा हिच्या बाबांचा पहिला प्रश्न, ‘पैसे भरायचे की मिळायचे?’ मी तेव्हा चिडले होते, पण प्रश्न सोळा आणे खरा आहे. त्याच महिन्यात तिला आणखी एक ईमेल आला होता: काही हजार भरा, घरबसल्या महिनाभर ‘रिसर्च इंटर्नशिप’ करा आणि सर्टिफिकेट घ्या. मुलाखत नाही, गाइड कोण ते नाही, फक्त क्यूआर कोड. नावं घेत नाही, पण पालकांनो, खरी संस्था शिकवायचे पैसे तुमच्याकडे मागत नाही.

आत्या म्हणाली, मे महिन्यात घरात लग्न आहे आणि मुलगी प्रयोगशाळेत काय करणार? मुलगी म्हणाली, आत्या, अल्बम बघीन. गेली. हॉस्टेल संस्थेचंच होतं. तिथल्या मेसमध्ये भाताचे तीन प्रकार आणि पोळी एकही नाही, तेवढी तक्रार सोडता मजेत होती. फोनवर यीस्टबद्दल इतकं बोलायची की मला वाटलं बेकरीत लागलीय.

जिरावण

परीक्षेचं काय ते कुणी बोलत नाहीये. निवड होते, तिकीट काढलं जातं आणि पेपर जूनपर्यंत लांबतात. माझ्या मैत्रिणीने गाइडना सरळ कळवलं, दहा दिवस उशिरा आले तर चालेल का. चाललं. निवडीचं पत्र आल्या दिवशीच विचारा, गाडीत बसल्यावर नको.

नाही_झालं_गँग

माझं कुठेच झालं नाही. कारण कुणी कळवत नाही, कळवायची पद्धतही नाही. एप्रिलभर इनबॉक्स उघडून बसायचो, मग आमच्या सरांनी बोलावलं आणि हातात काचेच्या बुचाच्या बाटल्या दिल्या. कृष्णपुरा छत्रीपाशी कान्ह नदीचं पाणी घ्यायचं, तसंच गावाबाहेर वरच्या अंगाला, आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. विंकलरची पद्धत. बाटलीत बुडबुडा राहिला की नमुना वाया. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. वरच्या पाण्याचा तपकिरी आला. छत्रीपाशी जवळजवळ पांढरा, आणि मागे उभे असलेले दोन काका ‘दूध फाटलं काय?’ विचारत होते.

लॅबमध्ये ॲसिड घातलं की ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटतं, मग त्याचं हायपोने (सोडियम थायोसल्फेट) टायट्रेशन, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत. पण गटाराच्या पाण्यात नायट्राइट असतं आणि ते आयोडीन जास्तीचं सोडवतं, म्हणजे ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दिसतो. त्यावर उपाय म्हणून सोडियम अझाइड घालतात. ते जहाल विष, त्यामुळे सर स्वतः घालायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. अझाइड घालून आणि न घालता असे दोन्ही आकडे आम्ही मांडले. पुढच्या वर्षी अर्जात दुसरं काहीच लिहिलं नाही, हेच लिहिलं. मुलाखतीत पंचवीस मिनिटं फक्त नायट्राइटवर गेली, आणि यंदा चाललोय. कॉलेजातल्या सरांकडे केलेल्या उन्हाळ्याला कमी समजू नका रे.

सायन_थीटा

गणितवाल्यांसाठी प्रयोगशाळा कुठली? आमच्यासाठी एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) आहे, १९९३ पासून चालू. प्रा. कुमारेसन यांनी सुरू केलेलं, उन्हाळ्यात चार आठवडे, तीन पातळ्या. याला संशोधन म्हणता येणार नाही, शिकवणंच आहे, पण तसं शिकवणं मी आधी पाहिलं नव्हतं. सर फळ्यावर व्याख्या लिहितात आणि गप्प बसतात. वर्गातून उदाहरण आल्याशिवाय पुढे सरकतच नाहीत. ‘कंटिन्युअस नाही म्हणजे काय, एप्सिलॉन-डेल्टात सांग’ यावर सबंध सकाळ गेली होती.

फर्स्ट_इयर_हूँ

मी आत्ताच बी.एस्सी.ला लागलेय, या सगळ्यांत सेकंड-थर्ड इयरच दिसतंय. माझ्यासाठी काही? आणि अमेरिकेचं ते पदवीच्या मुलांसाठीचं रिसर्चचं आरईयू?

खजुरी_बाजार

आरईयू बहुतेक ठिकाणी अमेरिकेच्या नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांनाच असतं, त्यात वेळ घालवू नकोस. तू मुंबईच्या होमी भाभा सेंटरचं एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) बघ. मानखुर्दला असतं, आणि ते मुख्यतः पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठीच आहे. आधी शिबिर, त्यातून निवडलेल्यांना पुढे प्रोजेक्ट. इन्स्पायरची (केंद्र सरकारची विज्ञानासाठीची) शिष्यवृत्ती असेल तर उन्हाळी प्रोजेक्ट तुला तसाही करावा लागेल, कुठे आणि कुणाकडे ते आत्तापासून विचारून ठेव.

आणि मॅडम, तुमच्या त्या बादलीवाल्या मुलीला इथे लिहायला सांगा ना. बर्फाचे पैसे कुणी दिले ते आम्हाला ऐकायचंय.

पत्र_लिहिणारी_मॅडम

रसवाल्याने घेतलेच नाहीत. तिला लिंक पाठवलीय, सध्या तिची थिसिस चालू आहे, रविवारी लिहीन म्हणाली.