जुना पिकअप ट्रक: थंड असताना मिसिंग, तापल्यावर अचानक बंद. दोष एक की दोन?

नमस्कार.

माझ्याकडे २००१ सालचा, सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा आणि हाताने गिअर टाकण्याचा पिकअप ट्रक आहे. त्याचे ३ लाख ४० हजार किलोमीटर पूर्ण झाले आहेत. गेल्या तीन महिन्यांत त्याला दोन त्रास जडले आहेत आणि ते एकाच दोषाचे परिणाम आहेत की दोन निराळे दोष योगायोगाने एकत्र आले आहेत, हे मला ठरवता येत नाही. अंदाजाने एकेक भाग बदलत जाण्याचा मार्ग मी एकदा अनुभवला आहे, त्यामुळे या वेळी आधी निदान आणि मगच खर्च असे ठरवले आहे. ही गाडी वीस वर्षे माझे ओझे वाहत आली आहे आणि ती नीट व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिला त्रास मिसिंगचा, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचा. सकाळी इंजिन सुरू केल्यावर ते आयडलिंगला लंगडते, सगळी गाडी थरथरते आणि चेक इंजिनचा दिवा काही वेळा लुकलुकतो. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होऊ शकतो, म्हणून दिवा लुकलुकत असेपर्यंत मी गाडी पळवत नाही. दहाएक मिनिटांनी त्रास बराच कमी होतो आणि इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वर गेले की जवळजवळ जाणवतच नाही. स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमधील मिसिंग, हा कोड येतो.

दुसरा त्रास अधिक भीतिदायक आहे. पस्तीस-चाळीस मिनिटे गाडी चालल्यानंतर इंजिन कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडते. स्टिअरिंग एकदम जड होते आणि साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक जेमतेम दोन-तीन वेळा हलका लागतो. त्यानंतर कितीही सेल्फ मारला तरी इंजिन नुसते फिरते, पेट घेत नाही. वीस मिनिटे थांबले की काहीच झाले नसल्यासारखे सुरू होते.

या बंद पडण्याचा अर्थ लावताना सुरुवातीला चूक झाली. एका गॅरेजमध्ये बंद अवस्थेत पेट्रोलचा पंप चालत नसल्याचे दिसले आणि पंपच बदलण्यात आला. त्रास तसाच राहिला. नंतर माझ्या लक्षात आले की इंजिन फिरत असल्याचा संकेत मिळेनासा झाला, की इंजिनाचा संगणक स्वतःच पंप थांबवतो. म्हणजे पंप बंद पडल्यामुळे इंजिन थांबत नव्हते, तर संकेत तुटल्यामुळे पंप थांबत होता. याला दुजोरा देणारी एक गोष्ट मी दोनदा पाहिली आहे: गाडी गिअरमध्ये असून चाकांच्या ओढीने इंजिन प्रत्यक्ष फिरत असतानाही फेरे दाखवणारा काटा झटक्यात शून्यावर आला. सेल्फ मारताना स्कॅनरवरही फेरे शून्यच दिसतात आणि त्या वेळी प्लगला ठिणगी मिळत नाही.

म्हणून इंजिन फिरत असल्याचा हा संकेत देणारा क्रँक सेन्सर मी बदलला. दोन आठवडे गाडी एकदाही बंद पडली नाही आणि मी निश्चिंत झालो. तिसऱ्या आठवड्यात मात्र ती पुन्हा तशीच बंद पडली.

मिसिंगच्या बाबतीत केलेली तपासणी अशी आहे. या इंजिनात प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज पुरवणारी स्वतंत्र कॉइल आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल पाचव्यावर बसवली, तरी मिसिंग दुसऱ्यातच राहिले. प्लगची अदलाबदल करूनही तेच झाले. पेट्रोल फवारणाऱ्या सहाही इंजेक्टरांचा विद्युत रोध १४ ओमच्या आसपास आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, पाच सिलिंडरांत १६० ते १६५ पीएसआय, तर दुसऱ्यात १४५ आले. त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर ते १६० पर्यंत चढले, म्हणजे तेथील पिस्टनच्या रिंगा थोड्या झिजल्या असाव्यात. परंतु एवढ्या फरकाने आयडलिंग इतके बिघडेल असे मला वाटत नाही. इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती (फ्युएल ट्रिम), म्हणजे संगणक नेहमीपेक्षा किती जास्त पेट्रोल सोडतो ते, सिलिंडरांच्या दोन बाजूंपैकी दुसऱ्या सिलिंडरच्या बाजूला आयडलिंगला अधिक १७ टक्के आणि २,५०० फेऱ्यांना अधिक ५ टक्के दिसते. विरुद्ध बाजूला ती कायम ३ ते ४ टक्के असते. इंजिन २,५०० फेऱ्यांवर धरून ठेवले तरी व्हॅक्यूम हळूहळू घसरत नाही, त्यामुळे कन्व्हर्टर तुंबलेला नाही असे मी मानतो.

माझी अडचण अशी आहे की सिलिंडर मिसिंग करू लागला की त्यातील न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो आणि ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचा भास होतो. मग हे १७ टक्के मिसिंगचे कारण आहेत की परिणाम? आणि संगणक मिसिंगही क्रँक सेन्सरच्या संकेतावरूनच ओळखतो, तर तो संकेतच बिघडला असल्यामुळे दोन्ही त्रास होत असतील का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपण नोंदी इतक्या काळजीपूर्वक ठेवल्या आहेत की निम्मे उत्तर त्यांतच आहे. मिसिंग थंड इंजिनात होते आणि तापल्यावर कमी होते. बंद पडणे मात्र तापल्यावरच घडते. एकच दोष असा उलट्या दिशांनी वागणे कठीण आहे, त्यामुळे मी दोन दोष धरून चालेन. संकेतातील गोंधळामुळे खोटे मिसिंग नोंदले जाऊ शकते, पण आपली गाडी प्रत्यक्ष थरथरते. खात्रीसाठी आयडलिंगला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढून पाहावा. दुसऱ्याचा काढल्यावर फेरे फारसे कमी झाले नाहीत, तर तो सिलिंडर खरोखरच काम करत नाही.

खऱ्या मिसिंगचे एक संभाव्य कारण असे: सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट (सांध्यातील पट्टी) कडक झाली की थंडपणी फट राहते, तीतून जादा हवा शिरते आणि धातू प्रसरण पावल्यावर ती मिटते. म्हणून मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून फट शोधण्याची चाचणी गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरच करावी. फट शोधण्यासाठी कार्ब क्लीनरचा फवारा तापलेल्या इंजिनावर मुळीच मारू नये, आग लागण्याचा धोका असतो.

दुसरे असे की सेन्सर नवा असला, तरी वायरिंग जुनेच आहे. गाडी बंद पडल्याबरोबर, ती निवण्याआधी, सेन्सरच्या कनेक्टरवर वीजपुरवठ्याचा दाब (व्होल्टेज) आणि अर्थिंग तपासावे. दोन्ही ठीक असतील तर संगणकाकडे जाणारी संकेताची वायर पूर्ण लांबीभर पाहावी.

तपासणीनंतरची नोंद:

आपले मनापासून आभार. दुसऱ्या इंजेक्टरचा कनेक्टर काढल्यावर फेरे जेमतेम ढळले, इतर पाचांच्या वेळी मात्र ते स्पष्ट खाली आले. सकाळी थंड इंजिनात धूर सोडल्यावर तो दुसऱ्या सिलिंडरच्या पोर्टपाशी, मॅनिफोल्डच्या खालच्या कडेने बाहेर येताना दिसला. गॅस्केट बदलली आणि बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या क्रमाने आवळले. त्या बाजूची इंधनाची दुरुस्ती आता आयडलिंगला अधिक ३ टक्के आहे आणि पी०३०२ पुन्हा आलेला नाही.

गाडी बंद पडल्यावर मोजणी केली तेव्हा पुरवठा आणि अर्थिंग दोन्ही योग्य होते, परंतु संकेताची वायर अर्थला चिकटलेली आढळली. वायरिंगची क्लिप तुटल्यामुळे ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी लोंबत होते आणि एका जागी आवरण वितळून तांबे उघडे पडले होते. सेन्सर बदलताना ते थोडे सरकले असणार, म्हणूनच ते दोन आठवडे विनातक्रार गेले. तेवढा तुकडा कापून नवी वायर झाळून जोडली, त्यावर उष्णतारोधक नळी चढवली आणि नवी क्लिप बसवून वायरिंग एक्झॉस्टपासून दूर बांधले. त्यानंतर भर उन्हात सलग दोन तास ओझ्यासह गाडी चालवली. काटा एकदाही शून्यावर आला नाही. दुसऱ्या सिलिंडरच्या रिंगांना मी तूर्त हात लावणार नाही. सहा महिन्यांनी कॉम्प्रेशन पुन्हा मोजून येथेच नोंदवीन.