व्हेटरनरी हुकलं, बी.एस्सी.ला मेजर (मुख्य विषय) कोणता घेऊ? (कागल–कोल्हापूर)

म्हैसवाली_कागल
नमस्कार. कागल तालुक्यातलं गाव, घरी पाच म्हशी, थोडा ऊस. बारावी पीसीबी झाले. व्हेटरनरीलाच जायचं होतं. शिरवळचं व्हेटरनरी कॉलेज मिळालं असतं तर त्यातल्या त्यात जवळ पडलं असतं. शेवटच्या फेरीपर्यंत वाट बघितली, नाव लागलं नाही.

का जायचं होतं ते सांगते. मी दहावीत असताना आमच्या थोरल्या म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली. संध्याकाळी धार काढायला बसले तर एक सड गरम आणि टणक लागला, दुधात गुठळ्या आल्या. डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. इंजेक्शनं झाली, चार दिवसांनी ती बदलून दुसरी झाली, पण तो सड गेला तो गेलाच. थोरली अजून तीन सडांवर दूध देते.

आता बाबा म्हणतात ॲग्री कर, मामा म्हणतात नर्सिंग कर. कोल्हापुरात बी.एस्सी.ला प्रवेश मिळतोय. मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी किंवा केमिस्ट्री यातलं एक सोमवारपर्यंत लिहून द्यायचं आहे. प्राण्यांचं म्हणून झूलॉजी जवळचं वाटतं. कुणी यातून गेलंय का?

रंकाळा_फेरी
मी एक वर्ष ड्रॉप घेतला आणि दुसऱ्या वेळी बीएएमएसला लागलो. प्रवेशाची नीट परीक्षा कितीही वेळा देता येते, पण ते घरातलं वर्ष फार जड गेलं. मित्र कॉलेजला जातात आणि आपण त्याच पुस्तकांसमोर. परत द्यायची असेल तरी आधी प्रवेश घेऊन ठेव.

लॅबवाली_ताई
अगं, तुझी पोस्ट दोनदा वाचली. माझंही मेडिकल हुकलं होतं. आईनं आठवडाभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. मायक्रोबायोलॉजी घेतली ती जागा शिल्लक होती म्हणून, आवड म्हणून नाही. आज नऊ वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये आहे.

आधी एक ठरव. तुला म्हशीच्या अंगाला हात लावून उपचार करायचे आहेत, की तो सड का गेला हे शोधायचं आहे? उपचार करायचे असतील तर वाट एकच. १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्यानं त्याला पदवी आणि नोंदणी लागते, झूलॉजी करून ते होणार नाही. मग नीट परत दे, मनापासून दे. साडेपाच वर्षांचा कोर्स आहे, एक वर्ष उशीर झाला तर आभाळ कोसळत नाही.

पण तू लिहिलंस की चार दिवसांनी इंजेक्शन बदललं. माझं लक्ष तिथंच अडकलं. दगडी बहुतेक वेळा जंतूंमुळं होते, आणि एकाच औषधाला सगळे जंतू दाद देत नाहीत. एम.एस्सी.ला शिवाजी विद्यापीठात माझा प्रोजेक्ट यावरच होता. दगडीच्या दुधातले जंतू प्लेटवर पसरायचे, वर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि प्लेट ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी प्लेट उघडली की काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल रिकामी जागा असते, तिथं जंतू वाढलेलेच नसतात. आणि काही चकत्यांच्या अगदी कडेला भिडून वाढलेले असतात. ते औषध त्या जनावराला कितीही टोचलं तरी वाया. पहिल्यांदा ते बघितलं त्या दिवशी मेडिकलचं दुःख माझ्या मनातून गेलं, हे खरं सांगते.

नोकरीचंही ऐक. सुरुवातीचा पगार कमी असतो आणि शिफ्ट असते. पहाटेचा टँकर आला की फॅट काढायची. गर्बरच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, वर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल. नळी हातात धरवत नाही इतकी तापते. शेतकऱ्याचा गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हिशोबानं ठरतो, त्यामुळं आपल्या हातून एक पॉइंट चुकला तर कुणाच्या तरी घरचे पैसे जातात. मला हे काम मोलाचं वाटतं. पुढं साखर कारखान्यांच्या डिस्टिलरी आहेत, औषध कंपन्या आहेत. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेतही मायक्रोबायोलॉजीची पदवी बसते.

आणि ॲग्रीला नाव ठेवू नकोस, चांगला कोर्स आहे. फक्त बाबांच्या शब्दाखातर घेऊ नकोस.

माजी_शिक्षक_कोल्हापूर
पोरी, सोमवारच्या आत कॉलेजात स्वतः जा. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये मुलं किती, प्रत्येकाच्या वाट्याला सूक्ष्मदर्शक येतो का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार, ऑफिसात नको. मायनरला (जोडविषयाला) केमिस्ट्री मिळते का तेही बघ. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार १ वर्षानं प्रमाणपत्र, २ वर्षांनी पदविका, ३ वर्षांनी पदवी आणि ४ वर्षांनी ऑनर्स, अशी रचना आहे. म्हणजे मध्ये नीट लागली तरी केलेलं वर्ष पाण्यात जात नाही.

म्हैसवाली_कागल
सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले. मुलींनी लॅब दाखवली, मला त्या गोल जागा बघायला मिळाल्या. मायक्रो लिहून दिलं. बाबा काही बोलले नाहीत, पण सकाळी स्टँडवर सोडायला तेच आले होते. नीट परत द्यायची का ते फॉर्म भरायच्या आधी ठरवते.

ताई, एक विचारायचं होतं. शेजारच्या काकांच्या म्हशीला कालपासून गुठळ्या येताहेत. दूध तपासायला न्यायचं तर कशात घ्यायचं?

लॅबवाली_ताई
डॉक्टरांना आजच बोलवा, तपासणीसाठी उपचार थांबवायचे नाहीत. दूध मात्र पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी घे. हात धू, सड स्पिरिटच्या बोळ्यानं पुस, पहिल्या दोन-तीन धारा सोडून दे आणि मग उकळून गार केलेल्या झाकणाच्या बाटलीत थोडं दूध घे. धार घेताना बाटली आडवी धर, वरून केस-धूळ पडत नाही. कुठला सड ते बाटलीवर लिही, बर्फात ठेव आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पाठव. त्या म्हशीची धार सगळ्यात शेवटी काढायला सांग काकांना.