कोबॉट आणि ऑफिसचं वायफाय एकाच राउटरवर. आता काय करू?

चाकणचा_टर्नर :
नमस्कार मंडळी. चाकणला आमचं लहानसं मशीनिंग युनिट आहे. दोन सीएनसींवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) जॉब लावायला-काढायला दीड वर्षापूर्वी दोन कोबॉट (माणसाशेजारी काम करणारे रोबो हात) घेतले. काम झकास चाललंय. पण या वेळी ग्राहकाच्या ऑडिटमध्ये एक नवीन पान आलं: रोबोचा कंट्रोलर कुठल्या नेटवर्कवर आहे, त्यात बाहेरून कोण शिरू शकतं वगैरे. खरं उत्तर लिहायला बसलो आणि घाम फुटला. कोबॉट, सीसीटीव्ही, टॅलीचा पीसी, पाहुण्यांचं वायफाय, सगळं एकाच राउटरवर! शिवाय इंटिग्रेटरने (रोबो बसवून देणाऱ्या कंपनीने) टाकून दिलेलं रिमोट सॉफ्टवेअर एका लॅपटॉपवर चोवीस तास चालू. त्याचा पासवर्ड त्यांच्याकडे किती जणांना ठाऊक आहे, देव जाणे. बजेट लाखाच्या आत. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. सल्ला द्या.

निवांत :
चाकणला येऊन तुमचा रोबो हॅक करायला कोण बसलंय? अँटिव्हायरस टाका आणि झोपा.

पीएलसीवाली :
निवांत, अँटिव्हायरस टाकायचा कुठे, टीच पेंडंटवर (रोबोला शिकवायच्या हातातल्या पॅनेलवर)? पण तुमचं अर्धं बरोबर आहे, मुद्दाम यांच्यावर कोणी टपलेलं नसणार. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरमुळे (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसमुळे) रेनोचे कारखाने थांबले, जूनमध्ये होंडाचा सायामा कारखाना एक दिवस बंद राहिला. विंडोजचा पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच आला होता, हे विशेष. त्याच जूनच्या शेवटी नॉटपेट्या व्हायरसने आपल्या जेएनपीटीतलं मेर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल आडवं केलं. या कंपन्यांवर तरी कुणी नेम धरला होता?

रोबोचं दुखणं जरा निराळं आहे. नेटवर्कवर जो आला तो घरातलाच, असं कंट्रोलर धरून चालतो. युनिव्हर्सल रोबोट्सच्या सीबी ३.१ कंट्रोलरवर सीव्हीई-२०१८-१०६३५ ही त्रुटी (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-त्रुटींची यादी) नोंदलेली आहे: ३०००१ ते ३०००३ या पोर्टांवर (नेटवर्कवरच्या दारांवर) कुणीही यूआरस्क्रिप्ट (रोबोला हुकूम देणारा कोड) पाठवली की ती चालते. पासवर्ड विचारतच नाही. याला बग म्हणायचं का, यावर आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत भांडणं होतात, कारण कॅमेरा नाहीतर पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) जोडताना आम्हीच रोज ती सोय वापरतो. तेव्हा पॅच येईल आणि प्रश्न मिटेल, अशी वाट बघू नका.

दुसरं म्हणजे, रोबो अंगावर येईल ही भीती सगळ्यांना असते, पण मला जास्त भीती गपचूप होणाऱ्या बिघाडाची वाटते. मिलानच्या पॉलिटेक्निकोतल्या संशोधकांनी ट्रेंड मायक्रोबरोबर २०१७ मध्ये एबीबीच्या आयआरबी १४० वर हे करून दाखवलं. कंट्रोल लूपचे पॅरामीटर (हालचाल सांभाळणारे आकडे) बदलले, रोबो चालूच राहिला, फक्त रेष जागेवरून जराशी सरकली. (एबीबीने त्या त्रुटी नंतर दुरुस्त केल्या.) तुमच्याकडे असं झालं तर अख्खी बॅच रिजेक्ट होईपर्यंत सगळे फिक्श्चरला (जॉब धरणाऱ्या पकडीला) नाहीतर सेटरला शिव्या घालत बसतील.

आता एक सांगा. कोबॉट सीएनसीशी कसा बोलतो? दार उघड, चक आवळ, हे सगळं आय/ओच्या (साध्या सिग्नलच्या) तारांवरून होत असेल तर इथरनेटची केबल लावलीय कशाला?

चाकणचा_टर्नर :
ताई, हे कधी डोक्यातच आलं नाही. उद्या बघून सांगतो.

प्रेसशॉप_भोसरी :
आमचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी लाइनच्या पीसीत रॅन्समवेअर शिरलं. रोबो ठणठणीत, पण कुठल्या जॉबला कुठला प्रोग्रॅम हे त्या पीसीवरून यायचं, आणि बॅकअपही त्याच पीसीत! तीन शिफ्ट हाताने माल काढला. तेव्हापासून दर महिन्याला कंट्रोलरचा बॅकअप वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतो आणि तो पेन ड्राइव्ह कपाटात कुलपात ठेवतो. त्यावर गाणी भरायची नाहीत, हे ऑपरेटरला दोनदा सांगावं लागलं.

रिमोटवाला :
मी स्वतः इंटिग्रेटरकडे काम करतो, म्हणून आमच्या जमातीची चूक कबूल करतो. रिमोट चालू ठेवणं ही आमची सोय, तुमची नव्हे. मिलानच्या त्याच अभ्यासात ऐंशी हजारांहून जास्त औद्योगिक राउटर इंटरनेटवरून दिसत होते, त्यातल्या पाच हजारांवर राउटरना पासवर्डच नव्हता. साधा उपाय सांगतो. रिमोटच्या राउटरचा प्लग मेंटेनन्सवाल्याच्या ताब्यात द्या. आमचा फोन आला की लावायचा, काम झालं की काढायचा. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदात हे लिहून घ्या. कुणी कुरकुर केली तर खुशाल दुसरा इंटिग्रेटर बघा.

पीएलसीवाली :
+१. आणि इमर्जन्सी बटण व दाराचा स्विच तारेनेच सेफ्टी सर्किटमध्ये असू द्या, नेटवर्कच्या भरवशावर नको. युनिव्हर्सलवर सेफ्टी कॉन्फिगरेशनचा चेकसम (सेटिंग बदलली की बदलणारा आकडा) स्क्रीनवर दिसतो. शिफ्टच्या चेकशीटमध्ये त्याचा एक रकाना वाढवा. आकडा बदलला की आधी मशीन थांबवायचं, मग विचारायचं.

कागदी_घोडा :
कुणी शिरलंच तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत कळवावं लागतं. आयएसओ १०२१८ या औद्योगिक रोबोंच्या सुरक्षा मानकाच्या २०२५ च्या आवृत्तीतही सायबर सुरक्षा आली आहे, त्यामुळे असली पानं आता वाढतच जाणार.

चाकणचा_टर्नर :
बघितलं. पहिल्या सेलमध्ये (मशीन आणि कोबॉटच्या जोडीत) सगळं आय/ओवर आहे. केबल फक्त इंटिग्रेटरच्या रिमोटसाठी होती, ती काढून टाकली. एक रुपया लागला नाही आणि सायकल टाइमही तोच. दुसऱ्या सेलला कॅमेरा आहे, त्यामुळे तिथे नेटवर्क लागणारच. त्याला वेगळा स्विच घेऊ की व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आतून वेगळे भाग) पाडू? वायफायच्या राउटरला व्हीलॅन जमत नाही असं आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो.

पीएलसीवाली :
फक्त कॅमेरा आणि कोबॉटच बोलणार असतील तर साधा स्विच घ्या, तो सेलच्या पॅनेलमध्ये बसवा आणि त्यातून बाहेर एकही केबल काढू नका. व्हीलॅन, फायरवॉल हे सगळं प्रॉडक्शनचा डेटा ऑफिसात न्यायचा झाला तर. स्विचच्या रिकाम्या पोर्टांना झाकणं लावा, नाहीतर दिवाळीपर्यंत कुणीतरी त्यात सीसीटीव्ही जोडलेला असेल.