गावातल्या पेशंटचा खर्च: योजना, धर्मादाय खाट, सहायता निधी – आधी कुठं जायचं?

घाटंजी_कास्तकार

नमस्कार मंडळी. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला आणि आशाताईंच्या हाती द्यायला एक कागद तयार करतो आहे. गावात कोणी मोठ्या दुखण्यानं पडलं की पहिल्या दिवशी घरचे गोंधळतात, दुसऱ्या दिवशी सावकाराकडं जातात आणि चौथ्या दिवशी कोणीतरी सांगतं की हे फुकट झालं असतं. तोवर पैसे भरून झालेले असतात. हे थांबवायचं आहे.

सध्या गावात तीन पेशंट आहेत:

१) शेतमजूर बाई, केशरी रेशनकार्ड, पित्ताशयात खडे. खाजगीत ऑपरेशन सांगितलं आहे, घाई नाही.
२) ७० वर्षांचे बाबा, खुब्याचं हाड मोडलं. पांढरं रेशनकार्ड, चार एकर कोरडवाहू. दवाखान्यानं भरतीआधी डिपॉझिट मागितलं.
३) आठ वर्षांची मुलगी, शाळेच्या तपासणीत हृदयाला छिद्र असल्याचा संशय.

जनआरोग्य योजना, धर्मादाय दवाखाना, मुख्यमंत्री सहायता निधी ही नावं सगळ्यांनी ऐकली आहेत. पण आधी कुठं जायचं, कोणता कागद कुठं लागतो, आणि नाही म्हटलं तर काय करायचं, हे नीट कोणालाच माहीत नाही. जाणत्यांनी सविस्तर लिहावं.

---

वर्धा_समाजसेवा

भाऊ, तुमच्या कागदावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत एवढं लिहा: पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राला (दवाखान्यात जनआरोग्य योजनेची नोंद करणाऱ्या माणसाला) भेटा. ही योजना कॅशलेस आहे. एकदा पेशंटची नोंद पैसे भरून उपचार घेणारा अशी झाली, बिल फाटलं आणि सुट्टी झाली, की मागून कागद नेऊन ते पैसे परत मिळवणं जवळपास अशक्य होतं.

आता क्रम सांगतो.

पहिली पायरी सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची आहेत. नागपूरचं मेडिकल आणि मेयो, तसंच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची महाविद्यालयं यात येत नाहीत, तिथं ठरलेलं माफक शुल्क असतं. दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटला ते माफ होतं आणि त्यासाठी समाजसेवा अधीक्षकाला भेटावं लागतं. हा माणूस प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असतो. खिडकीवर वाद घालत बसण्यापेक्षा थेट त्याच्याकडं जा.

दुसरी पायरी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, त्यात आपले गडचिरोली आणि अमरावती होते. आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पाच लाख अख्ख्या घराला मिळून, माणशी नाही. पिवळं आणि केशरी कार्ड आधीपासून होतंच. १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही बसतं. म्हणजे तुमचे खुब्याचे बाबा योजनेत आहेत. 'पांढरं कार्ड चालत नाही' असं कोणी सांगितलं तर ते जुनं ऐकून सांगत आहेत.

पण अडतं कुठं ते बघा. दवाखाना योजनेत 'अंगीकृत' (म्हणजे योजनेच्या यादीत घेतलेला) असणं एक आणि त्या आजारासाठी अंगीकृत असणं दुसरं. फलकावर योजनेचं नाव असतं, पण अस्थिरोग विभाग यादीत नसतो. म्हणून १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करून नेमका प्रश्न विचारा: "खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन योजनेतून करणारा जवळचा दवाखाना कोणता?" नुसतं "योजनेचा दवाखाना कोणता" असं विचारू नका.

दुसरी अडचण अशी की काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहेत. खाजगी दवाखाना "हे योजनेत होत नाही" म्हणतो, ते त्याच्या जागी खरंही असू शकतं, पण तेच ऑपरेशन जिल्हा रुग्णालयात योजनेतून होतं. पित्ताशयात खडे असलेल्या त्या बाईंना घाई नसेल तर आधी जिल्हा रुग्णालयाच्या शल्यचिकित्सा बाह्यरुग्ण विभागात दाखवा.

दवाखान्यात गेल्यावर आरोग्यमित्र कार्ड तपासून नोंद करतो, मग डॉक्टरांचा सल्ला आणि रिपोर्ट जोडून पूर्वपरवानगी मागितली जाते. ती आल्यावर ऑपरेशन. तातडीचा पेशंट असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर जोडतात. त्यामुळं अपघात किंवा हार्टच्या पेशंटला "मंजुरी आल्यावर बघू" म्हणून ताटकळत ठेवणं चुकीचं आहे.

पॅकेजमध्ये खाट, नर्सिंग, डॉक्टरांची फी, भूल, तपासण्या, औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवायचा रॉड, प्लेट वगैरे), पेशंटचं जेवण आणि घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं आहे. सुट्टीनंतर १० दिवसांचं औषधही. बाहेरून औषध किंवा रॉड आणायला चिठ्ठी दिली तर पक्कं बिल घ्या, पेशंटच्या नावानं, तारखेसकट, आणि त्याच दिवशी आरोग्यमित्राला दाखवा. त्यानं ऐकलं नाही तर वरच्याच नंबरवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्या. कोऱ्या कागदावर किंवा 'आम्हाला योजना नको' अशा मजकुरावर सही किंवा अंगठा देऊ नका. भरतीच्या गठ्ठ्यात हा कागद मधेच असतो.

तिसरी गोष्ट मुलीची. तिचा रस्ताच वेगळा आहे. शाळेत तपासणी करणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्या पथकाचं ठिकाण तुमच्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. त्यांच्याकडून संदर्भ चिठ्ठी घ्या, म्हणजे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि पुढची शस्त्रक्रिया कार्यक्रमातून किंवा योजनेतून विनाखर्च होते. आईवडील घाबरून स्वतःच नागपूरला खाजगीत नेतात आणि साखळी तिथं तुटते. चिठ्ठी नसली की प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगावं लागतं.

---

धर्मादाय_माहिती_अमरावती

वरचं सगळं बरोबर. धर्मादायबद्दल लिहितो, कारण गैरसमज इथंच जास्त आहेत.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१कक खाली मुंबई उच्च न्यायालयानं घालून दिलेली योजना २००६ पासून लागू आहे. त्यात येणाऱ्या ट्रस्टच्या दवाखान्यानं एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. शिवाय निर्धन आणि दुर्बल घटक सोडून बाकी सगळ्या पेशंटच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळ्या खात्यात जमा करायची असते. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आता निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. ८५ हजार हा जुना आकडा अजून काही काऊंटरवर चिकटवलेला दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

बिल कसं बनतं ते समजून घेणं फार गरजेचं आहे. खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे निर्धन रुग्णाच्या बिलात लागतच नाहीत. बाकीच्या सेवा सर्वात खालच्या वर्गाच्या दरानं आणि औषधं, साहित्य, इम्प्लांट दवाखान्याच्या खरेदी किमतीनं धरून ती रक्कम निधीतून वळती होते. छापील किमतीनं नाही. दुर्बल घटकातल्या पेशंटलाही हेच दर लावून निम्मी सवलत मिळते. तेव्हा "५० टक्के सवलत दिली" म्हणून छापील किमतीच्या निम्मं बिल दिलं असेल तर ती सवलत कमी पडली. बाबवार बिल मागा आणि त्यात औषधांचा दर बघा.

तातडीच्या पेशंटला डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. भरती करून जीव वाचवणारे उपचार देऊन प्रकृती स्थिर करायची, मग गरज असेल तर सरकारी दवाखान्यात हलवायचं, असं योजनेतच लिहिलं आहे.

एक मात्र नीट सांगा: गावाजवळचं प्रत्येक मोठं खाजगी हॉस्पिटल धर्मादाय नसतं. डॉक्टरांच्या मालकीच्या नर्सिंग होमला हे लागू नाही. यादी धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर मिळते.

---

घाटंजी_कास्तकार

फार उपयोगी. दोन शंका. "निधी संपला" असं उत्तर मिळालं तर? आणि "निर्धनांच्या खाटा भरल्या" म्हटलं तर खरं-खोटं कसं कळणार?

---

धर्मादाय_माहिती_अमरावती

निधी संपल्यानं १० टक्के खाटांची जबाबदारी संपत नाही, आणि बिलात न लागणाऱ्या सेवा तर तशाही मोफतच आहेत. काऊंटरवर बोलू नका, वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. मग एकच साधा अर्ज दोन प्रतींत द्या: पेशंटचं नाव, आजार, उत्पन्न, "निर्धन रुग्ण म्हणून भरती करावं, शक्य नसल्यास कारण लेखी द्यावं". एका प्रतीवर पोच घ्या. लेखी नकार द्यायची वेळ आली की बऱ्याचदा खाट सापडते. पोच देत नसतील तर तोच अर्ज ईमेलनं पाठवा, तारीख-वेळ आपोआप नोंदते.

तरीही नाही झालं तर तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. विदर्भासाठी सहधर्मादाय आयुक्त नागपूर आणि अमरावतीला बसतात. राखीव खाटांचा हिशेब दवाखान्याला त्या कार्यालयाकडं द्यावाच लागतो, तिथून फोन गेला की रिकामी खाट आहे की नाही ते कळतं. पेशंट आत असतानाच तक्रार करा.

---

सेतूवाला_पांढरकवडा

कागदाचं मी सांगतो जी, कारण ऑपरेशन अडते ते डॉक्टरपायी नाही, कागदापायी.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागते. तलाठ्याचा अहवाल हा त्याच्यासाठीचा जोडकागद आहे, तो घेऊन दवाखान्यात गेलं की परत धाडतात. अर्ज सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात होते, मुदत १५ दिवसांची. पेशंट भरती असन तर दवाखान्याचं पत्र जोडा अन् नायब तहसीलदाराला दाखवा. अन् हो, दाखल्याची मुदत ३१ मार्चला सरते. एप्रिलात भरती झालेला पेशंट मार्चचा दाखला घेऊन येते अन् अडकते. ज्याच्या घरी म्हातारं माणूस नाहीतर जुनं दुखणं आहे त्यानं एप्रिल लागल्याबरोबर नवा काढून ठेवावा, खर्च काही मोठा नाही.

रेशनकार्डात नाव हाय का ते पाहा. नवी सून अन् लहान लेकरू, हे दोघं हमखास राहून जातात. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केल्याशिवाय इकडं चढत नाही. अन् आधारवर माहेरचं आडनाव, कार्डावर सासरचं, असं असन तर तेही आधी दुरुस्त करा. लेकराचं आधार नसन तर जन्मदाखला संग ठेवा. रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर मागतात, तो पुरवठा विभागातून मिळते. कार्ड जुनं फाटकं असलं तरी नंबर चालू पाह्यजे.

आयुष्मान कार्ड सगळ्या घराचं आत्ताच काढा, आजारी पडायची वाट पाहू नका. ठसे उमटत नाहीत म्हणून म्हाताऱ्या माणसाची केवायसी अडते. मजुरी करून बोटं घासली असतात ना. तवा ओटीपीनं नाहीतर चेहऱ्यानं करता येते, पण मोबाईल नंबर आधारला जोडला पाह्यजे.

मुख्यमंत्री सहायता निधी मात्र शेवटची पायरी. योजनेत बसत नाही, धर्मादायमध्ये भागत नाही, तवाच. उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत पाह्यजे. अर्ज, तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट अन् डॉक्टरच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक लागते. खाजगी दवाखाना असन तर त्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकाची सही घ्यावी लागते, हे लोक विसरतात अन् अर्ज पडून राह्यते. पैसा पेशंटच्या हाती येत नाही, दवाखान्याच्या खात्यात जाते. दवाखाना निधीच्या यादीत नसन तर अर्ज करून काही उपयोग नाही. सगळा खर्च मिळन असंही धरू नका, काही भाग मिळते.

---

आशा_गट_चिमूर

दादा, तुमच्या कागदात दोन-तीन गोष्टी जोडा. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या) पेशंटला रक्तासाठी प्रक्रिया शुल्क लागत नाही, खाजगी रक्तपेढीतही नाही, आणि बदली रक्तदाता आणायची अटही लावता येत नाही. आपल्या पूर्व विदर्भात याची गरज रोजची आहे. तपासणीचा अहवाल किंवा सिकलसेलचं ओळखपत्र पेशंटच्या जवळच असू द्या.

गरोदर बाई आणि एक वर्षापर्यंतचं बाळ यांना सरकारी दवाखान्यात सगळंच मोफत आहे. सिझेरियन, रक्त, जेवण, घरून नेणं आणि परत सोडणंही. गाडीसाठी १०२. बाकी तातडीला १०८.

रस्त्यावरच्या मोटार अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची वेगळी योजना आहे. ठरवून दिलेल्या दवाखान्यात अपघातापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस. यात रेशनकार्डाचा रंग कोणी बघत नाही, पण पोलिसांत नोंद व्हायला हवी, म्हणून ११२ ला कळवा. साप चावला किंवा फवारणीत विषबाधा झाली तरी केसपेपरवर कारण स्पष्ट लिहून घ्या. पुढं शेतकरी अपघात अनुदानाचा अर्ज करायची वेळ आली तर तालुका कृषी कार्यालय तोच कागद मागतं.

---

वर्धा_समाजसेवा

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची आरोग्य विम्याची पद्धत जुनी आहे. ठरलेली वर्गणी भरून गाव किंवा कुटुंब नाव नोंदवतं आणि वर्षभर उपचारात सवलत मिळते. नोंदणी आजारपणाच्या आधी करायची असते, म्हणून वर्धा आणि लगतच्या तालुक्यांतल्या गावांनी ग्रामसभेतच हा विषय घ्यावा.

आणि घाटंजीकर, खुब्याच्या बाबांचं थांबवू नका. या वयात खुब्याचं हाड मोडून माणूस पडून राहिला की पाठीला जखमा आणि छातीत कफ धरतो, मग भूल देणंही अवघड होतं. आज १५५३८८ वर अस्थिरोगाचा दवाखाना विचारून घ्या. निघताना रेशनकार्ड, आधार, एक्स-रे आणि बीपी-शुगरच्या चालू गोळ्या सोबत द्या. जिथं डिपॉझिट मागितलं तिथं अजून काही भरलं नसेल तर भरू नका.