मदत हवी आहे: गावात सामुदायिक ध्यान कसं टिकवावं?

नमस्कार मंडळी, दारव्हा तालुक्यातलं आमचं लहानसं गाव. मागच्या वर्षी इगतपुरीला विपश्यनेचा, म्हणजे मौन पाळून करायच्या ध्यानाचा, 10 दिवसांचा कोर्स करून आलो. तिथं दिवसातून तीनदा एकेक तास सगळे सोबत बसत, कोणाशी बोलायचं नाही तरी एकटं वाटे नाही. घरी आलो आन् आठ दिवसात गाडी रुळावरून घसरली, एकटं बसलं की डोक्यात कापसाचा भावच फिरते.

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळ जुनं आहे, तुकडोजी महाराजांची सकाळची सामुदायिक ध्यानाची पद्धत आजा सांगे. आता सांजच्या प्रार्थनेले चार म्हातारे येतात, त्यातले दोघं पेंगतात. मी जाऊन बसलो त्यांच्यात, खरं सांगतो, बरं वाटलं. एक आबाजी उठताना माझ्या खांद्यावर हात टेकवून उठले, बोलले काहीच नाही.

तर पहाटे 5 ला अर्धा तास नुसतं शांत बसायचं सुरू करावं म्हणतो. विपश्यना मी शिकवणार नाही, ते काम तिथल्या आचार्यांचं. अडचण अशी की मंदिरात ठेवलं तर काही जण येत नाहीत, विहारात ठेवलं तर बाकीचे कुरकुरतात, शाळेची चावी मिळत नाही, अन् वेचणी सुरू झाली की बायका पहाटेच कामाला लागतात, त्यांची वेळ कोणती ठेवावी? रात्री वीज येते तेव्हा पिकाले पाणी देणारे तर सकाळी झोपतात बाप्पा.

कोणी आपल्या गावात हे चालवून राहिलं असन तर सांगा, जागा कोणती घेतली अन् पोरं कशी आली?